गावाच्या जंगलाचा आराखडा गावानेच करायचा, पण कसा?

आमच्या टोल्याच्या, म्हणजे लहान वस्तीच्या, जंगलाचा पहिला आराखडा ४२ पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला होता. मुखपृष्ठावर वाघ. आत तक्ते, रंगीत गोलाकार आलेख. १९ व्या पानावर आमच्या नाल्याचं नाव चुकलेलं होतं आणि २७ व्या पानावर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव पुसायचं राहून गेलं होतं. तो आम्ही केलेला नव्हता. बाहेरच्या कुणीतरी दोन दिवस येऊन, सरपंचांच्या ओट्यावर चहा पिऊन केला होता. ग्रामसभेत तो वाचला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "जंगल कोनाचं हाय हे?" सगळे हसले. मग आम्ही तो बाजूला ठेवला आणि १४ महिने लावून आमचा आम्ही केला.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातला ६२ घरांचा आमचा टोला. मी वनहक्क समितीचा, म्हणजे जंगलावरच्या हक्काचा दावा तयार करणाऱ्या गावच्या समितीचा, सचिव. बारावी पास, एवढंच शिक्षण. हे मुद्दाम सांगतो, कारण नव्याने सचिव झालेली मुलं मला भेटतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "यासाठी इंजिनिअर लागतो का?" नाही लागत. वेळ लागतो, आणि भांडणं ऐकून घ्यायची तयारी लागते. शहरातून आलेल्या कार्यकर्त्यांनाही हे उपयोगी पडेल, फक्त त्यांनी पायरी ४ दोनदा वाचावी.

१. आधी 'गाव' म्हणजे कोण, हे ठरवा

आमच्या भागात गटग्रामपंचायती आहेत. एका पंचायतीत पाच-सात गावं, टोले. पंचायतीच्या मुख्यालयी भरते ती सभा आणि वनहक्क कायद्याची ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात गाव म्हणजे लोक ज्याला आपलं गाव मानतात ती वस्ती, मग तो पाडा असो की टोला. त्या वस्तीतले सगळे प्रौढ मिळून ग्रामसभा. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा, त्यातही हाच विचार आहे आणि महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून आहेत.

इथेच पहिला सापळा आहे. २००८ च्या सुमारास अनेक ठिकाणी पंचायतीच्या पातळीवर एकच वनहक्क समिती करून टाकली गेली. तुमच्याकडे तसं झालं असेल तर पुढे जाऊच नका. टोल्याची सभा बोलवा, टोल्याची समिती निवडा, ठराव करा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कळवून पोच घ्या. नाहीतर सगळं झाल्यावर कुणीतरी म्हणेल की ही ग्रामसभाच नव्हती.

गणपूर्तीचा हिशेब आत्ताच करून भिंतीवर लिहून ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे: सभासदांपैकी किमान निम्मे हजर आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बायका. आमच्याकडे १६८ प्रौढ, म्हणजे ८४ माणसं हवीत. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूच्या हंगामात ती जमणार नाहीत. सभा रात्री, जेवणं झाल्यावर ठेवा. आणि सह्या सभेतच घ्या. दुसऱ्या दिवशी घरोघरी वही फिरवण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही, आणि विरोधकाला आयतं कोलीत मिळतं.

२. कागद गोळा करा

हे काम पावसाळ्यात करा, तेव्हा जंगलात फिरता येत नाही.

- निस्तार पत्रक. विदर्भात मालगुजारी गेल्यावर तयार झालेलं. गावाला सरपण, चराई, बांबू, माती कुठून घेता येते हे त्यात लिहिलेलं असतं. तहसील कार्यालयातून किंवा भूमी अभिलेखमधून मिळतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच.
- वाजिब-उल-अर्ज. गावच्या रीतिरिवाजांची जुनी नोंद. सगळ्या गावांची सापडत नाही. सापडली तर नशीब.
- गाव नकाशा आणि वनखात्याचा कक्ष नकाशा, म्हणजे कंपार्टमेंट नंबरसह. दोन्हींचं माप वेगळं असतं, त्यामुळे एकावर एक ठेवून बघू नका, डोकं फिरेल.
- वनखात्याची कार्य आयोजना, म्हणजे वर्किंग प्लॅन. तुमच्या कक्षांत पुढच्या वर्षांत कटाई, रोपवन काय ठरलं आहे ते यातून कळतं. हे न बघता आराखडा केला तर तुम्ही ज्या तुकड्याला देवराई म्हणाल तिथेच कूप, म्हणजे कटाईचा तुकडा, पडलेला असेल.
- गावाची मतदार यादी, बायकांची नावं वेगळी मोजलेली.
- वडीलधाऱ्यांची निवेदनं, लिहून घेतलेली, अंगठ्यासह. कायद्याने हा पुरावा चालतो. जुनी तळी, मसणवट, देवाची झाडं, पडक्या गोटुलाचे (गावाने एकत्र बसायच्या घराचे) दगड हाही पुरावाच आहे.

कागद मागताना तोंडी मागू नका. अर्ज द्या, पोच घ्या, ३० दिवस थांबा, नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. मी पहिले चार महिने तोंडी मागण्यात घालवले. "साहेब मीटिंगला गेले" हे वाक्य मला आता झोपेतही म्हणता येतं.

३. दोन समित्यांची गल्लत करू नका

वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. तिच्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश महिला हव्यात. तिचं काम दावा तयार करणं, पडताळणी करणं. हक्क मिळाल्यावर जंगल सांभाळायला आणि आराखडा करायला वेगळी समिती लागते, ती नियम ४(१)(ई) ची. आम्ही तिला 'फोर-वन-ई' म्हणतो. माणसं तीच असली तरी चालतात, पण ठराव वेगळा, रजिस्टर वेगळं.

तिसरीही एक असते, वनखात्याची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. तिच्यात खात्याचा माणूस असतो आणि निर्णय खात्याच्या चौकटीतले. ती आणि 'फोर-वन-ई' एक करून टाकू, असा सल्ला तुम्हाला गोड शब्दांत दिला जाईल. नम्रपणे नाही म्हणा.

४. शिवफेरी: हद्द पायांनी आखा

सगळ्या कामात मला जास्त आनंद इथे मिळाला आणि सगळ्यात जास्त चुकाही मी इथेच केल्या.

हद्द म्हणजे वनखात्याने दिलेली रेघ नव्हे. तुमच्या गावाने परंपरेने जिथवर मोह वेचला, गुरं चारली, देव पुजला, तिथवरचं जंगल. रीतीची हद्द. ती कक्षांच्या रेघा ओलांडून जाऊ शकते, राखीव जंगलातही शिरू शकते.

वेळ: दिवाळी झाल्यावर ते शिमग्याच्या आधी. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत छातीएवढं असतं, आणि मार्चनंतर वणवे. आम्हाला ९ दिवस लागले.

कोण हवं: भूमिया (गावदेवाची पूजा करणारा) आणि दोन म्हातारे हवेतच. पण गुराखी विसरू नका. आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हद्दीत दोन डोंगरघळी सुटल्या होत्या, त्या गुराख्याने दाखवल्या. गुरं कुठे थांबतात आणि शेजारच्या गावची कुठून परततात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि बायका. पहिले दोन दिवस आम्ही फक्त पुरुष फिरलो. तिसऱ्या दिवशी चार जणी आल्या आणि त्यांनी आमच्या रेघेच्या बाहेरची चारोळीची अख्खी पट्टी दाखवली. त्यांच्या आज्या तिथे जायच्या. आम्हा पुरुषांना ती माहीतच नव्हती, कारण चारोळी आम्ही कधी वेचली नव्हती.

साधनं: हातातलं जीपीएस मिळालं तर उत्तम, नाहीतर साधा अँड्रॉइड फोन चालतो. फोनचं ट्रॅक नोंदणारं ॲप घरीच सुरू करून बघा, नेट नसताना चालतं का ते तपासा. पॉवर बँक दोन. प्रत्येक खुणेवर थांबून तीन गोष्टी वहीत लिहा: खुणेचं गावातलं नाव, ती काय आहे (दगड, झाड, नाल्याचं वळण), आणि कुणी सांगितलं. फोन पाण्यात पडला तर वही वाचवते. आमचा पडला.

शेजारची गावं: त्यांना आधी कळवा, लेखी. ज्या दिवशी त्यांच्या बाजूची हद्द चालणार त्या दिवशी त्यांची दोन-चार माणसं सोबत घ्या. एका जागी आमचं भांडण झालं, एका नाल्यावरून. दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या बाजूने तीन पिढ्या सांगितल्या. आम्ही तिथे रेघच ओढली नाही. दोन्ही समित्यांनी एकत्र बसून लिहिलं की हा पट्टा सामायिक, सरपण आणि मासे दोघांचे, बांबू कुणीच तोडायचा नाही. दोन्ही ग्रामसभांनी ठराव केले. कायद्यातही हाच रस्ता आहे: आधी दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, नाहीच जमलं तर उपविभागस्तरीय समितीकडे. तिथवर जाऊ देऊ नका. वरून आलेली रेघ दोघांनाही पटत नाही.

वन आणि महसूल खात्याला पडताळणीची तारीख कळवा. त्यांनी हजर राहणं नियमाने बंधनकारक आहे. ते आले नाहीत आणि नंतर 'आमच्या गैरहजेरीत झालं' म्हणून आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो. त्या वेळीही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पत्राची पोच सोन्यासारखी जपा.

एक सूचना शहरातून आलेल्यांना. तुमच्या लॅपटॉपवरचा उपग्रहाचा नकाशा पहिल्या सभेत उघडू नका. तो उघडला की सगळे गप्प बसून पडद्याकडे बघतात, आणि म्हातारे उठून जातात. उपग्रहाचं चित्र नियमानेही पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याच्या बदली नाही.

५. दावा दाखल करा

सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कासाठी नमुना क. निस्तार, गौण वनोपज, मासेमारी अशा इतर सामूहिक हक्कांसाठी नमुना ब. दोन्ही एकदमच भरा. वनहक्क समितीची पडताळणी, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागस्तरीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. खालच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागायला ६० दिवस. जिल्हास्तरीय समितीने नाकारलं तरी राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेमुळे अनुसूचित क्षेत्रात विभागीय पातळीवर अपील करता येतं. दावा नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. "त्रुटी आहेत" एवढ्यावर फाईल परत घेऊ नका, कोणती त्रुटी ते लिहून मागा.

६. पट्टा हातात आला की मिरवणुकीआधी वाचा

पट्टा म्हणजे मंजूर झालेल्या हक्काचा कागद. आम्ही आधी मिरवणूक काढली. ढोल वाजवले. आठवड्याने वाचलं तर क्षेत्र दाव्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी, दोन कक्ष गायब, आणि खाली 'कार्य आयोजनेच्या अधीन राहून' अशी अट. नियमांना जोडलेल्या पट्ट्याच्या नमुन्यातच म्हटलं आहे की कायदा आणि नियम सोडून वेगळी अट घातलेली नाही. म्हणजे अशी अट मुळात नसायलाच हवी. दुरुस्तीचा अर्ज दिला, ११ महिने गेले, एक कक्ष मिळाला. दुसऱ्याचं अजून चालू आहे.

तपासायचं एवढंच: कक्ष क्रमांक, हेक्टर, चतुःसीमा, अटी, सगळ्या सह्या. पट्टा ग्रामसभेच्या नावावर आहे ना, की समितीच्या किंवा सरपंचाच्या?

या देशात हा हक्क पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यांत आमच्याच जिल्ह्याचं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये, १८०९.६१ हेक्टरवर. तिथेही पट्टा मिळाल्यावर बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा ती गाठ सुटली. तेव्हा तुमच्याकडे पट्टा येऊनही काही हललं नाही तर खचू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

७. जंगलात काय आहे ते मोजा

गोटुलाच्या किंवा शाळेच्या अंगणात जमिनीवर नकाशा काढा. रांगोळी, राख, कोळसा, पानं, खडे. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. मग दोन्ही शेजारी ठेवा. आमच्या पुरुषांच्या नकाशात बांबू, साग, शिकारीच्या जुन्या वाटा ठळक होत्या. बायकांच्या नकाशात पाणवठे, सरपण, मोहाची एकेक झाडं, कुणाच्या वाट्याचं कोणतं यासकट. त्यांनी सरपणाच्या जागेवर ठेवलेले खडे पुरुषांच्या नकाशात पार रिकाम्या जागेवर पडत होते.

त्यानंतर महिन्यांचं चक्र: मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग चारोळी, मे मध्ये तेंदू, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळिंबी), थंडीत हिरडा, बेहडा, आवळा, डिंक, मध. प्रत्येकापुढे लिहा: दहा वर्षांपूर्वी किती, आता किती, कुठे कमी झालं.

मग मोजणी. सगळं जंगल मोजायची गरज नाही. २० बाय २० मीटरचे चौकोन दोरीने आखा. असे २५ म्हणजे १ हेक्टर. जंगलाच्या प्रत्येक तऱ्हेत काही चौकोन घ्या: डोंगरउतार, नाल्याकाठ, सपाटी, उघडा पडलेला भाग. मोठ्या झाडांचा छातीच्या उंचीवर घेर, बांबूच्या रांज्यांची (बेटांची) संख्या आणि प्रत्येक रांज्यात यंदाचे कोंब किती. चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ मीटरमध्ये फक्त रोपं मोजा. मोठी झाडं भरपूर आणि रोपं शून्य, असं निघालं तर तिथे चराई किंवा वणवा जास्त आहे. आमच्या सपाटीवर मोहाची ४० मोठी झाडं निघाली आणि एकही पोर नाही. म्हातारी झाडं मेली की खेळ खलास. हे आकडे ग्रामसभेत वाचले तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

दहावी-बारावीची मुलं या मोजणीला घ्या. त्यांना रोज द्या, फुकट राबवू नका.

८. जंगलाचे भाग पाडा

कोणत्या जागेचा कोणता उपयोग, हा आराखड्याचा गाभा. इथेच खरी भांडणं होतात आणि ती व्हायला हवीत. भांडण न होता ठरलेली विभागणी पहिल्याच उन्हाळ्यात मोडते, हे मी दोन गावांत पाहिलं.

आम्ही पाच भाग केले: देवाचं जंगल, वापराचं जंगल, विश्रांतीला सोडलेलं, चराईचं, आणि नाल्याकाठ. तुमचे तीन असतील, आठ असतील. नावं तुमच्या बोलीतलीच ठेवा. 'कोअर', 'बफर' असले शब्द आले की माणसं सभेत माना डोलावतात आणि जंगलात विसरतात.

*देवाचं जंगल.* हे सोपं वाटतं, कारण आधीच पाळलेलं असतं. पण ते वाढवायचं का, यावर बोला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर आपल्या हजार हेक्टरांपैकी ३४ हेक्टर चांगलं जंगल नव्याने देवराई म्हणून राखलं. त्याच गावाने तेंदू तोडणंही सोडलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. आमच्या सभेत हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "त्यायचा बांबू हाय, आपला कुठं हाय?" खरं होतं. पाचगावकडे बांबूचं उत्पन्न होतं. आम्ही तेंदू सोडला नाही, तेंदूच्या झुडपांची नुसती छाटणी (खुटकटाई) करायची, आग मात्र लावायची नाही, असं ठरवलं. दुसऱ्या गावाचा नियम उचलण्याआधी त्यांचं पोट कशावर चालतं ते विचारा.

*विश्रांतीला सोडलेलं.* इथे गुराखी आणि बाकीचं गाव समोरासमोर येतं. आम्ही आधी ६० हेक्टर बंद करायचं म्हटलं. ज्यांच्याकडे १५-२० बकऱ्या होत्या ती आठ घरं उठून गेली. त्या आठांत बहुतेक भूमिहीन. पुढची सभा आम्ही त्यांच्याच अंगणात घेतली. शेवटी २२ हेक्टर, तीन वर्षं, आणि जागा त्यांनीच निवडलेली. कमी झालं असं काहींना वाटलं. पण कुंपण न घालता ती टिकली.

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं कोरकू गाव आहे. १९२ हेक्टर, बराचसा भाग उघडाबोडका झालेला. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर त्यांनी तो राखून, झाडं लावून उभा केला. आता तिथली सीताफळं मुंबईपर्यंत जातात. तुमचं जंगल विरळ असेल तर मेंढा (लेखा) पेक्षा पायविहीर बघायला जा.

*मोहाखालची आग.* वापराच्या जंगलातला हा सगळ्यात अवघड प्रश्न. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तीच आग पुढे पसरते. 'जाळू नका' असा नियम करून काहीही होत नाही. जाळायची गरज कशाने संपेल ते शोधा. आम्ही झाडाखाली जुन्या साड्या आणि हिरव्या जाळ्या अंथरून पाहिल्या. साडी वाऱ्याने गोळा होते. जाळी चालली, पण महाग. शेवटी तेंदूच्या पैशातून घरटी दोन जाळ्या घेतल्या. सगळ्यांनी वापरल्या नाहीत. आग मात्र निम्म्यावर आली.

*जबरानजोत.* जंगलातली शेती. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीला, ४ हेक्टरच्या मर्यादेत, वैयक्तिक हक्क मिळतो. असे सगळे तुकडे नकाशावर आधी दाखवा, मगच सामूहिक भाग पाडा. नाहीतर आराखडा म्हणजे आपली जमीन काढून घ्यायची युक्ती, अशी कुजबूज सुरू होते. त्यानंतरच्या नव्या तोडीबद्दल ग्रामसभेने स्पष्ट ठराव करावा, आणि तो समिती सदस्याच्या भावालाही लागू असावा. आमच्याकडे तो प्रसंग आला. फार वाईट गेले ते दोन महिने.

शाळा, अंगणवाडी, तलाव, रस्ता यांसाठी जागा लागणार असेल तर तीही आत्ताच दाखवा. कायद्यात अशा कामांना ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन मिळते, एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर.

९. नियम आणि पैसा

नियम थोडे ठेवा. आमचे ११ आहेत, गोटुलाच्या भिंतीवर रंगवलेले. बांबूचे उदाहरण: यंदाचा कोंब तोडायचा नाही, पावसाळ्यात कटाई नाही, तोडताना जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगत वर, रांज्याच्या आतून जुना आधी. वास्ते खायला घ्यायचे, विकायला नाही. दंड पैशात कमी आणि कामात जास्त: दोन दिवस जाळरेषा (वणवा अडवायची मोकळी पट्टी) साफ करणं.

गस्त पाळीने, रोज चार घरं. हातात काठी आणि वही.

लाकूड विकता येत नाही. हक्क गौण वनोपजावर आहे: बांबू, तेंदू, मध, डिंक, लाख, औषधी. सागाचा व्यापारी गावात घिरट्या घालू लागला की ग्रामसभा बोलवा.

तेंदूच्या करारात फसायच्या जागा:

- करार ग्रामसभेच्या नावाने, ठरावासह. अध्यक्षाच्या एकट्याच्या सहीने नाही.
- अनामत रक्कम आधी खात्यात, मग फळी (पानं गोळा करायचं ठिकाण) सुरू.
- ७० पानांचं पुडकं, १००० पुडक्यांचं एक प्रमाण गोणी. मोजणारा मुंशी ठेकेदाराचा असेल तर शेजारी ग्रामसभेचा माणूस वही घेऊन हवाच.
- शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय शेवटचा माल उचलू द्यायचा नाही. एका वर्षी आम्ही विश्वासावर सोडला. पैसे सात महिन्यांनी आले, तेही कापून.
- ग्रामसभेचं स्वतःचं पॅन आणि बँक खाते हंगामाच्या आधी. पॅन नसेल तर कर जास्त कापला जातो.

जमाखर्च दर वर्षी भर सभेत वाचून दाखवा, आकडे भिंतीवर लिहा. मजुरी घराघराची. ग्रामसभेचा वाटा कशावर खर्च करायचा ते आराखड्यातच लिहून ठेवा, नाहीतर तो मंदिराच्या कळसाला आणि ढोलपथकाला जातो. आमचा एकदा गेला.

१०. आराखडा सरकारी कागदात बसवा

ग्रामसभेने मंजूर केलेला आराखडा वनखात्याला, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. तो खात्याच्या कार्य आयोजनेशी जोडला जावा असं नियमात आहे, आणि जोडताना काय बदलायचं हे तुमची समिती ठरवते. मंजुरी मागू नका, 'सादर' करा. पत्रातला हा एक शब्द फार फरक पाडतो.

रोजगार हमीतून समतल चर, रोपवाटिका, तलावदुरुस्ती होते. त्यासाठी आराखड्यात कामाचं ठिकाण, माप आणि साल लिहिलेलं हवं. 'मृदसंधारणाची कामे' असं मोघम लिहिलेलं पुढे सरकत नाही. 'बोरीच्या नाल्यावर, वरच्या वळणाला, दगडी बांध ३, पहिल्या वर्षी' असं लिहा.

शेजारच्या ग्रामसभांशी जोडून घ्या. कोरची तालुक्यात गावांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. व्यापाऱ्याशी दर ठरवताना एका टोल्याचं कुणी ऐकत नाही.

११. दर वर्षी बदला

आमचा आराखडा आता २३ पानांचा आहे. सोबत एक शाळेची दोनशे पानी वही. तेंदूचे पैसे वाटून झाले की जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत, एक दिवस फक्त यासाठी बसतो. मागच्या वर्षी कोणता नियम कुणी मोडला आणि का, एवढाच विषय. मोजणीचे तेच चौकोन तिसऱ्या वर्षी पुन्हा मोजतो, म्हणून कोपऱ्यांवर दगड रंगवून ठेवा. आम्ही पहिल्या वेळी झाडांना चिंध्या बांधल्या होत्या, त्या माकडांनी नेल्या.

तीन वर्षं बंद ठेवलेले ते २२ हेक्टर गेल्या दिवाळीनंतर चराईला उघडले. मोहाची रोपं गुडघ्याएवढी झाली होती, थोडीच, पण होती. प्रत्येकाभोवती काटेरी झुडपांचं आळं केलं. बदल्यात आता पलीकडचा उतार बंद आहे, ३० हेक्टर. तो सुचवला गुराख्याने, आणि या वेळी सभा तासाभरात संपली.